कॅन्सरच्या शाखेत शिकणाऱ्या डॉक्टरांनी त्या तीन वर्षांत नक्की काय शिकून घ्यावं?

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. नीट एसएसचं (सुपरस्पेशालिटीच्या प्रवेश परीक्षेचं) कौन्सेलिंग आटोपलं की दरवर्षी मला नव्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. सर डीएम मेडिकल ऑन्कोला लागलो, सर एमसीएच सर्जिकल ऑन्को मिळालं, जॉइन व्हायच्या आधी कुठलं पुस्तक वाचू. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथे एकदा सविस्तर लिहितो, म्हणजे बाकीचे जाणकारही भर घालतील.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेडिएशन ऑन्कोलॉजी (किरणांचे उपचार) म्हणजे एमबीबीएसनंतर थेट तीन वर्षांचं एमडी. मेडिकल ऑन्कोलॉजीला (किमो आणि बाकी औषधं) आधी एमडी मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्स लागतं (रेडिएशनवाल्यांनाही येता येतं) आणि मग तीन वर्षं डीएम किंवा डीआरएनबी. सर्जिकलला आधी एमएस, मग तीन वर्षं एमसीएच. एमबीबीएसची साडेपाच, पीजीची तीन, सुपरची तीन, मधे बाँडची सरकारी नोकरी, मधे परीक्षेची तयारी, सगळं धरलं तर तिशी ओलांडूनच पोरं बाहेर पडतात. एवढं आयुष्य घालवल्यावर हातात काय आलं हे विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

माझं म्हणणं असं आहे की औषधांची यादी पाठ करण्यात ही तीन वर्षं घालवू नका. आज जे रेजिमेन (औषधं आणि डोसचं वेळापत्रक) पाठ कराल त्यातलं निम्मं तुम्ही कन्सल्टंट होईपर्यंत बदललेलं असेल. शिकायचं असेल तर समोर बसलेल्या पेशंटवरून प्रश्न काढायला शिका आणि त्याचं उत्तर नीट कसं शोधतात ते शिका. हे फक्त प्रोफेसर मंडळींचं काम असा जो समज आहे तो अगदी चुकीचा आहे.

उदाहरण देतो. तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे ढिगाने. सुरुवातीच्या स्टेजला मानेत गाठ लागत नसेल तरी मानेच्या ग्रंथी काढायच्या का थांबून बघायचं, यावर जगभर वर्षानुवर्षं नुसती मतं होती. उत्तर आलं मुंबईत परळहून, टाटा मेमोरियलमधून. २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आधीच ग्रंथी काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट जिवंत, थांबून बघितलेल्यांत ६७.५. त्यासाठी ना नवं औषध लागलं ना नवं मशीन, रोजच्या ओपीडीतला प्रश्न होता आणि तो नीट विचारला गेला.

दुसरं, निव्होलुमॅब, इम्युनोथेरपीचं महागडं औषध. नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, तो आपल्याकडे परवडणारे पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग टाटातल्याच लोकांनी २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, गोळ्यांच्या किमोसोबत देऊन बघितलं. हेड अँड नेकच्या पुढच्या स्टेजच्या पेशंटमध्ये एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये जेसीओत (कॅन्सरचं मोठं जर्नल) आलं. परवडत नाही हे रडगाणं सगळेच गातात, त्याचा प्रश्न करून उत्तर काढणं हे शिक्षण.

आणि हे फक्त मुंबईतच होतं असंही नाही. आमच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री आहे, देशातली पहिली ग्रामीण. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आता धाराशिव) सव्वा लाखावर बायकांवर झालेला गर्भाशयमुखाच्या तपासणीचा अभ्यास २००९ मध्ये न्यू इंग्लंडला आला, आयुष्यात एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) टेस्ट केली तरी त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगातल्या स्क्रीनिंगच्या गाईडलाइन लिहिताना आपल्या या खेड्यांतल्या बायकांचा आकडा वापरला जातो. मला त्याचा फार अभिमान आहे आणि आमच्याच भागातल्या रेसिडेंटना ते माहीत नसतं याचं वाईटही वाटतं.

तर तुमचे अनुभव लिहा. ज्युनियर मंडळींनी मोकळेपणी विचारा.

टाकेवाला

चांगला धागा सर. पण सर्जन म्हणून थोडा वेगळा सूर लावतो. एमसीएचच्या तीन वर्षांत हात तयार झाला नाही तर नंतर कुठला प्रोटोकॉल तुम्हाला वाचवणार नाही. मी बघितलंय, पेपर दहा नावावर आणि कमांडो ऑपरेशन (तोंडातली गाठ, जबड्याचा भाग आणि मानेच्या ग्रंथी एकत्र काढणं) एकट्याने करायची वेळ आली की सिनियरला फोन. पहिल्या वर्षी असिस्ट, दुसऱ्या वर्षी अर्धी केस, तिसऱ्या वर्षी सिनियर समोर उभा असताना पूर्ण केस, हे झालं पाहिजे आणि लॉगबुकमध्ये ते खरं लिहिलं पाहिजे. काही ठिकाणी रोबोट आलाय म्हणून रेसिडेंट दुसऱ्या कन्सोलकडे नुसता बघत बसतो आणि ओपन सर्जरी हाताखालून जातच नाही. सीट निवडताना नाव बघू नका, तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला फोन करून विचारा की तू स्वतः किती थायरॉइड, किती ब्रेस्ट, किती मँडिबल केलेस. तो खरं सांगतो.

सीनाकाठ

@टाकेवाला, हाताबद्दल शंभर टक्के मान्य. मेडिकलवाल्यांचाही हात असतोच फक्त तो प्रिस्क्रिप्शनवर असतो. कार्बोप्लॅटिन या किमोचा डोस कॅल्व्हर्टच्या फॉर्म्युल्याने काढतात, जीएफआरमध्ये (किडनीच्या गाळण्याचा वेग) २५ मिळवायचे आणि त्या बेरजेला एयूसीने (रक्तात औषध किती राहायला हवं तो आकडा) गुणायचं. फॉर्म्युला सगळ्यांना येतो. पण समोर ३८ किलोची कुपोषित बाई आहे, अंगावर मांसच नाही म्हणून क्रिएटिनिन ०.४ आलंय, आणि कॅल्क्युलेटर जीएफआर भरमसाठ दाखवतोय, तेव्हा तो आकडा तसाच घ्यायचा नसतो हे कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवावं लागतं. असे शिक्षक जिथे असतील तिथे जा. प्रश्न विचारण्याची सवय म्हणतो ती हीच, कॅल्क्युलेटरला पण प्रश्न विचारायचा.

निवासी_रेडऑन्को

सर मी विदर्भातल्या एका सरकारी कॉलेजला एमडी रेडिएशनच्या पहिल्या वर्षाला आहे. तुम्ही लिहिलंय ते वाचून हुरूप येतो पण खरं सांगू का, सकाळी रिव्ह्यू, मग ओपीडी, दुपारी कॉन्टूरिंग (स्कॅनवर ट्यूमर आणि अवयवांच्या रेषा काढणं), संध्याकाळी वॉर्ड, रात्री कॉल, त्यात जनआरोग्य योजनेच्या प्रीऑथचे (उपचाराआधीच्या मंजुरीचे) फोटो अपलोड करणं पण आम्हीच, प्रश्न सुचायला डोकं शिल्लक राहत नाही. थिसिसचा विषय गाईडने दिला, हेड अँड नेकमध्ये रेडिएशनबरोबर सिसप्लॅटिन आठवड्याला का तीन आठवड्यांनी, ६० पेशंट. सिनॉप्सिस (विषयाचा आराखडा) युनिव्हर्सिटीला जायला अजून वेळ आहे. हा विषय बरा आहे का? आणि एमडीनंतर डीएम मेडिकलला बसावं का इथेच राहावं हेही डोक्यात चालूच असतं.

भौतिकी

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, डॉक्टर नाही, तरी लिहितो. रेडिएशनच्या रेसिडेंटनी महिन्यातून थोडा वेळ तरी आमच्या खोलीत बसावं. ऑर्गनच्या रेषा काढून फाईल आमच्याकडे ढकलली की काम संपलं असं समजतात, मग प्लॅन आला की डीव्हीएचचा (कुठल्या अवयवाच्या किती भागाला किती डोस) ग्राफ बघून सही. पॅरोटिडला (कानाजवळच्या लाळग्रंथीला) डोस कमी करा म्हटलं की त्याची किंमत ट्यूमरच्या कुठल्या कोपऱ्यात मोजावी लागते हे प्लॅनिंग चालू असताना स्क्रीनवर बघितल्याशिवाय कळत नाही. आणि मशीनचा क्यूए (अचूकतेची तपासणी) एकदा पहाटे येऊन बघाच. आम्ही आनंदाने शिकवतो, कुणी विचारतच नाही. आयसीआरओचे (रेडिएशन ऑन्कोलॉजीचं भारतीय कॉलेज) पीजींसाठी टीचिंग प्रोग्रॅम असतात तेही सोडू नका, दुसऱ्या कॉलेजात काय चालतं ते तिथेच कळतं.

सीनाकाठ

@निवासी_रेडऑन्को, एकदा लिहायला बसलोय तर नीटच लिहितो.

तुझा विषय चांगला आहे पण ६० पेशंटमध्ये त्याचं उत्तर मिळणार नाही. हाच प्रश्न टाटात ३०० पेशंटवर विचारला गेला, २०१८ मध्ये जेसीओत आलं, शरीराच्या दर चौरस मीटरला आठवड्याला ३० मिलिग्रॅम विरुद्ध तीन आठवड्यांनी १००. दोन वर्षांनी आजार स्थानिक आटोक्यात राहण्याचं प्रमाण ५८.५ विरुद्ध ७३.१. मग लोक म्हणाले ३० कमीच होता, ४० देऊन बघा, जपानी लोकांनी ऑपरेशननंतरच्या पेशंटमध्ये ४० देऊन बघितला आणि तो तीन आठवड्यांच्या डोसपेक्षा कमी पडत नाही असं दिसलं. एवढ्या मोठ्या ट्रायलनी ज्यावर वाद घातलाय तिथे तुझे दोन्हीकडचे तीस तीस पेशंट काय ठरवणार? शेवटी "फरक सांख्यिकीदृष्ट्या आढळला नाही" असं लिहून बाइंडिंग करून लायब्ररीत ठेवशील. असे थिसिस आपल्याकडे हजारो पडलेत, चांगल्या पोरांची मेहनत त्यात गेलीय.

त्याऐवजी तुझ्या ओपीडीत बघ. हेड अँड नेकचा पूर्ण कोर्स ६६ ते ७० ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप), ३३ ते ३५ शेक म्हणजे रेडिएशनच्या बैठका, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे साडेसहा सात आठवडे. तुझ्याकडे किती जणांचा तो वेळेत पूर्ण होतो? मधे खाडा पडलेल्या प्रत्येक दिवसामागे ट्यूमर आटोक्यात राहण्याची शक्यता टक्का सव्वा टक्का कमी होते हे पुस्तकात आहे. पण तुझ्या पेशंटचे दिवस कशाने जातात हे कुठल्याच पुस्तकात नाही. मशीन बंद पडलं, तोंड सोलवटलं म्हणून जेवण बंद झालं, नळी घालायला उशीर झाला, गावाला कापूस वेचणीला गेला, एसटीचे पैसे संपले, राहायला जागा नाही, योजनेची मंजुरी अडकली. शंभरेक पेशंटची रोजची नोंद ठेव, कुठला दिवस कशामुळे गेला. ऑब्झर्व्हेशनल अभ्यास आहे, ना जास्तीचा खर्च ना जास्तीचं औषध, आणि त्यातून जे निघेल त्यावर तुझा विभाग पुढच्याच महिन्यात काहीतरी बदलू शकेल. गाईडना हे नीट लिहून दाखव, बहुतेक गाईड ऐकतात. शिक्षक म्हणून विषय त्यांनी दिला कारण तू रिकाम्या हाताने गेलास, तू प्रश्न घेऊन गेलास तर त्यांनाही आवडेल.

डीएमला बसावं का, ते आत्ता ठरवू नकोस. आधी रेडिएशन मनापासून कर.

थेम्सकाठ

@निवासी_रेडऑन्को, त्या दुसऱ्या प्रश्नावर माझे दोन पैसे. मी पुण्याहून एमडी करून इंग्लंडला आलो. इथे क्लिनिकल ऑन्कोलॉजिस्ट नावाचा जो असतो तो रेडिएशनही देतो आणि किमोही, त्याची परीक्षा एफआरसीआर, ती रॉयल कॉलेज ऑफ रेडिऑलॉजिस्टची. मेडिकल ऑन्कोलॉजी वेगळी, ती फिजिशियनांच्या कॉलेजकडे. २०२१ पासून दोघांचं पहिलं वर्ष एकत्र केलंय कारण एकमेकांचं काम कळत नव्हतं. नुसता अनुभव घेऊन परत जायचं असेल तर एमटीआय म्हणून योजना आहे, जास्तीत जास्त दोन वर्षं, मग परत. ज्यांना कायमचं यायचं त्यांनी घरच्यांशी आधी सविस्तर बोलावं. इथल्या ट्रेनिंगची मला आवडलेली गोष्ट म्हणजे दर वर्षी एक सिनियर समोर बसतो आणि तुझं काय राहिलंय, कुठे जायचंय असं विचारतो, कागदावर लिहितो, पुढच्या वर्षी त्याचं काय झालं ते पुन्हा विचारतो. एवढं तर कुठल्याही कॉलेजात पैसे न घालता करता येईल.

अमेरिकेचं मात्र लक्षात ठेवा, तिथे आपलं डीएम धरत नाहीत, इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी पुन्हा आणि मग फेलोशिप.

मोगरा

माझी मुलगी एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ऑन्कोच म्हणते. आम्हा दोघांचं मत कार्डिओ किंवा गॅस्ट्रो करावं असं आहे, रोज मृत्यू बघून मुलगी कोमेजून जाईल ही मुख्य भीती. शिवाय मुंबई पुण्याबाहेर कामच मिळत नाही म्हणतात ते खरं का? कृपया रागावू नका, आई म्हणून विचारते आहे.

निळी_फीत

@मोगरा ताई, रागवायचं काय त्यात. मी मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट आहे आणि दोन मुलांची आई आहे. या शाखेत दुःख आहे, खोटं सांगणार नाही. वॉर्डात चौदा वर्षांचं पोर जातं त्या दिवशी घरी येऊन जेवण जात नाही. पण लिंफोमाचा मुलगा पाच वर्षांनी लग्नाची पत्रिका घेऊन येतो तेही इथेच. मुली कोमेजतात त्या मृत्यूमुळे कमी आणि सलग ड्युटी, झोप नाही, कुणाशी बोलायची सोय नाही याने जास्त. म्हणून मुलीला सांगा, कॉलेज निवडताना तिथे सिनियर रेसिडेंटशी बोलतात कसे ते बघ, ब्रेस्टफीडिंग करणारी रेसिडेंट तिथे टिकते का ते बघ, हे प्रश्न विचारायला लाजू नकोस. माझ्या ट्रेनिंगमध्ये प्रेग्नन्सीची बातमी सांगितल्यावर एका सिनियरने आता तुझं करिअर संपलं असं तोंडावर सांगितलं होतं. संपलं नाही. पण ते वाक्य ऐकायला लागू नये अशी जागा तिला मिळावी.

सीनाकाठ

@मोगरा ताई, कामाबद्दल मी सांगतो. २०२२ च्या ग्लोबोकॅनच्या (जगभरच्या कॅन्सरच्या आकडेवारीचा प्रकल्प) अंदाजात देशात वर्षाला १४ लाखांच्या वर नवे पेशंट आणि ९ लाखांच्या वर मृत्यू. डॉक्टर मात्र मोठ्या शहरांत गोळा झालेत. २०२५ च्या केंद्रीय बजेटमध्ये तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे केअर कॅन्सर सेंटर काढायचं जाहीर झालंय, पहिल्या वर्षी २००. खुर्च्या आणि सलाईनचे स्टँड येतील, पण किमो लिहिणारं आणि ताप आला तर सांभाळणारं माणूस लागेलच. छत्रपती संभाजीनगरला स्टेट कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, नागपूरला तुकडोजी हॉस्पिटल आहे, जामठ्याचं एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट) आहे. मोठ्या शहराबाहेर पगार सुरुवातीला कमी वाटेल, एकटेपणही वाटेल, पण पेशंट तुम्हाला पहिल्या दिवसापासून तुमचे असतात.

एकटेपणावर उपाय पण आहे. २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड हे देशभरच्या कॅन्सर सेंटरांचं जाळं सुरू झालं, आता ३०० च्या पुढे सेंटर त्यात आहेत. त्यांच्या गाईडलाइन फुकट वाचायला मिळतात, आणि व्हर्च्युअल ट्यूमर बोर्डवर अवघड केस मांडता येते. मी जिल्ह्याच्या गावात बसून देशभरच्या लोकांचं मत घेतो. रेसिडेंट असतानाच ते ऐकायला बसा, दहा सेंटरचे दहा लोक एकाच केसवर कसे वेगळे बोलतात आणि मग कसे एकमतावर येतात यासारखं शिक्षण नाही.

ओवी_गाते

मी डॉक्टर नाही, आमचे अण्णा फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. धागा वाचत होते, राहवलं नाही म्हणून विचारते. तुम्हाला बोलायला शिकवतात का हो? आम्हाला शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणी स्पष्ट सांगितलं नाही. पुढची सायकल देऊ, बघू, एवढंच. अण्णांना शेताची वाटणी करायची होती, बहिणीला भेटायचं होतं, राहूनच गेलं. डॉक्टर वाईट नव्हते, फार घाईत होते आणि बहुतेक त्यांनाही सांगता येत नव्हतं.

पैलतीर

@ओवी_गाते, मी पॅलिएटिव्ह मेडिसिनची (वेदना आणि त्रास कमी करणारे उपचार) डॉक्टर. तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं. वाईट बातमी कशी सांगायची याची पद्धत आहे, स्पाइक्स म्हणतात, सहा पायऱ्या, २००० सालापासून प्रसिद्ध आहे, परीक्षेत लिहितातही सगळे. पण परीक्षेत लिहिणं आणि सात नातेवाईक दाराशी उभे, त्यातला थोरला भाऊ कानात सांगतोय की दादांना काही सांगू नका, तेव्हा आत जाऊन खुर्ची ओढून बसणं यात फार अंतर आहे. ते दुसऱ्याला करताना बघून आणि मग स्वतः सिनियरसमोर करूनच येतं. आमच्याकडे येणाऱ्या रेसिडेंटला मी आधी एवढंच सांगते, पेशंटला विचार की तुम्हाला आजाराबद्दल काय काय माहीत आहे, आणि मग गप्प बस. बहुतेक वेळा त्यांना सगळं माहीत असतं. मग विचार, काही कामं उरकायची आहेत का. अण्णांना हे कुणी विचारलं असतं तर वाटणीचा विषय त्यांनीच काढला असता.

टाटात २०१२ पासून आमच्या विषयात एमडी आहे, म्हणजे आता ही स्वतंत्र करिअरची वाटही आहे. बाकीच्या ऑन्को रेसिडेंटनी निदान एक महिना तरी पॅलिएटिव्हला पोस्टिंग मागून घ्यावं. मॉर्फीन नीट लिहिता येणं आणि बोलता येणं, या दोन गोष्टी तरी घेऊन जा.

टाकेवाला

@पैलतीर, मॅडम, हे वाचून एक सांगतो. आमच्या सर्जिकल रेसिडेंटना पण हे पोस्टिंग पाहिजे. ऑपरेशन होणार नाही हे सांगायची वेळ आमच्यावर सगळ्यात जास्त येते आणि आम्ही ते कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या सांगतो.

सीनाकाठ

@ओवी_गाते, तुमचा प्रतिसाद मी माझ्या रेसिडेंटना वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

ओवी_गाते

हो, जरूर दाखवा.

निवासी_रेडऑन्को

सर, मॅडम, सगळ्यांचे आभार. परवा गाईडना भेटलो, शेकांत मधे खाडे का पडतात हा विषय लिहून नेला होता. आधी म्हणाले यात ट्रायल कुठे आहे, युनिव्हर्सिटीला चालेल का. मग मी मागच्या महिन्याच्या मशीन रजिस्टरमधून दहा पेशंटचे पडलेले दिवस काढून दाखवले तर ते स्वतःच रजिस्टर उलटायला लागले आणि म्हणाले कर, पण स्टॅटिस्टिशियनला आधी भेट. आता प्रश्न असा की इथिक्स कमिटीला काय काय लागेल, आणि प्रोटोकॉल लिहायचं कुठे शिकायला मिळतं का?

सीनाकाठ

वा! छान वाटलं ऐकून.

इथिक्सला प्रोटोकॉल, मराठीतलं संमतीपत्रक, नोंदीचा फॉर्म, गाईडची सही. संमतीपत्रकाची मराठी पेशंटला कळेल अशी लिही, वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखव आणि त्या अडतील तिथे बदल. कारणांचे रकाने आधीच ठरव, मशीन, तब्येत, पैसे आणि प्रवास, कुटुंब आणि शेती, योजनेचा कागद, इतर. आणि "इतर" मध्ये काय ते हाताने लिहायला जागा ठेव, खरं उत्तर बरेचदा तिथे सापडतं. एकाच दिवसाला दोन कारणं असतील तर काय करायचं तेही आधीच ठरवून प्रोटोकॉलमध्ये लिही. त्याच दिवशी नोंद कर, महिन्याने विचारलंस तर पेशंटला आठवत नाही. सीटीआरआयवरही (अभ्यासांची सरकारी नोंदवही) नोंदवून टाक, ऑब्झर्व्हेशनल असला तरी नोंदवता येतो. पण पहिला पेशंट घेण्याआधी कर, २०१८ च्या एप्रिलपासून मागाहून ट्रायल नोंदवून घेत नाहीत. आयसीएमआर पीजी थिसिसला आर्थिक मदत देते, त्याची जाहिरात वेबसाइटवर बघत राहा.

प्रोटोकॉल लिहिण्यासाठी लोणावळ्याला क्रेडो म्हणून वर्कशॉप होतं, आपली कल्पना घेऊन जायची आणि तिथे बसून पूर्ण प्रोटोकॉल लिहून घेऊनच परत यायचं, देशोदेशीचे शिकवणारे शेजारी बसलेले असतात. तुला आत्ता लगेच नाही, एमडी झाल्यावर अर्ज कर. तोपर्यंत ड्राफ्ट मला इथेच निरोपातून पाठव.

भौतिकी

@निवासी_रेडऑन्को, मशीन बंदच्या दिवसांसाठी रजिस्टरवर विसंबू नकोस. फिजिक्सकडे ब्रेकडाउनची वेगळी वही असते, त्यात किती वाजता बंद पडलं आणि किती वाजता सुरू झालं ते असतं. तुमच्या फिजिसिस्टना विचार आणि जमलं तर त्यांना को-गाईड म्हणून घे.

निवासी_रेडऑन्को

उद्याच विचारतो सर.